लाकडातील खाच : राऊटरच्या बिटची निवड आणि वापर

खेड्यातील सुताराचे काम गेल्या काही दशकांत पुष्कळ पालटले आहे. नांगर, कुळव आणि बैलगाडी यांची जागा आता दारे-खिडक्या, कपाटे, शाळेची बाके आणि दुकानांतील मांडण्या यांनी घेतली आहे. सागवान व आंबा यांच्याबरोबर प्लायवूड आणि एमडीएफचे तक्तेही त्याच्या पडवीत येऊन पडले आहेत. रंधा, पटाशी आणि करवत यांच्या जोडीला विजेवर चालणारी अवजारे आली आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत ज्या १८ व्यवसायांचा समावेश करण्यात आला, त्यांत सुतारकाम आहे. अर्जदाराची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर, पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, अशी या योजनेची आखणी करण्यात आली.

अशा साहाय्यातून किंवा स्वतःच्या कमाईतून जी यंत्रे घेतली जातात, त्यांत राऊटर या यंत्राला महत्त्वाचे स्थान आहे. लाकडात खाच पाडणे हे त्याचे मुख्य काम. परंतु यंत्र विकत घेताना जेवढा विचार होतो, तेवढा त्यात बसवावयाच्या बिटचा होत नाही. वास्तविक लाकूड कापते ते बिट. राऊटर त्याला फक्त गती देतो. बिट चुकीचे निवडले, तर चांगले यंत्रही खाच सैल पाडते, लाकूड जाळते आणि प्रसंगी कारागिराच्या बोटांवर किंवा डोळ्यांवर बेतते. म्हणून यंत्राची शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्यांना, शाळेच्या कार्यशाळेत मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकांना आणि गावातील कारागिरांची पडताळणी करणाऱ्या पंचायत सदस्यांना या विषयाची निदान तोंडओळख असणे अगत्याचे आहे.

खाच कशासाठी?

मांडणीची फळी नुसत्या खिळ्यांवर किंवा स्क्रूवर टेकवली, तर तिच्यावरील सर्व भार त्या चार-सहा खिळ्यांना पेलावा लागतो. कालांतराने भोके सैल होतात आणि फळी कलते. तीच फळी बाजूच्या तक्त्यात पाडलेल्या खाचेत बसविली, तर तिची संपूर्ण कड लाकडावर टेकते. भार लाकूड पेलते व खिळ्याला फक्त फळी जागेवर धरून ठेवण्याचे काम उरते. खाचेचे सारे महत्त्व या साध्या गोष्टीत आहे.

खाचेचे प्रकार तिच्या उपयोगावरून ठरतात. मांडणीच्या फळीसाठी तक्त्याच्या रुंदीत पाडलेली खाच ही बहुधा लाकडाच्या रेषांना आडवी जाते. ड्रॉवरच्या तळाची फळी किंवा दाराच्या चौकटीतील दिलहा ज्या खाचेत बसतो, ती रेषांच्या दिशेने जाते. तक्त्याच्या कडेला पाडलेली पायरी म्हणजे रिबेट. काच किंवा कपाटाची पाठ तिच्यात बसते. काही खाचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न जाता मध्येच थांबविल्या जातात, म्हणजे दर्शनी बाजूने त्या दिसत नाहीत.

सूत, इंच आणि मिलिमीटर

बिट निवडताना होणाऱ्या गोंधळाचे मूळ बहुधा मापांत असते. आपल्याकडील सुतार पिढ्यान्‌पिढ्या सुताच्या मापाने काम करीत आला आहे. आठ सूत म्हणजे एक इंच. म्हणजेच एक सूत जवळपास ३.१८ मिलिमीटर. बाजारात प्लायवूड मिलिमीटरमध्ये मिळते, तर बिट कधी इंचात, कधी मिलिमीटरमध्ये. बोलण्याच्या ओघात ६ मिलिमीटरला दोन सूत, १२ मिलिमीटरला चार सूत आणि १८ मिलिमीटरला सहा सूत किंवा पाऊण इंच म्हटले जाते. परंतु दोन सूत म्हणजे ६.३५, चार सूत म्हणजे १२.७ आणि सहा सूत म्हणजे १९.०५ मिलिमीटर होत.

पाऊण इंची बिटने खाच पाडून तिच्यात १८ मिलिमीटरचे प्लाय बसविले, तर एक मिलिमीटरहून अधिक फट राहते. शिवाय १८ मिलिमीटरचे म्हणून विकले जाणारे प्लाय प्रत्यक्षात त्याहून थोडे पातळ भरण्याचा संभव असतो. मग ही फट भुसा आणि सरस यांच्या मिश्रणाने बुजविली जाते. वरून ती दिसत नाही, पण सांध्याचे बळ गेलेले असते. म्हणून पहिला नियम असा की, फळीची जाडी व्हर्नियर कॅलिपरने प्रत्यक्ष मोजावी आणि मगच बिट निवडावे. तक्त्यावरील छापील आकड्यावर विसंबू नये.

दांडी आणि तिची पकड

बिटचे दोन भाग असतात. लाकूड कापणारा तोंडाचा भाग आणि यंत्रात बसणारी दांडी, जिला कारागीर शँक म्हणतात. यंत्रात ही दांडी धरणाऱ्या, उभ्या चिरा असलेल्या पोलादी नळीला कॉलेट हे नाव आहे. दांड्या सामान्यतः ६, ६.३५, ८, १२ आणि १२.७ मिलिमीटर जाडीच्या मिळतात. वर सांगितलेला मापाचा गोंधळ येथे अधिक धोक्याचा ठरतो. ६.३५ मिलिमीटरच्या कॉलेटमध्ये ६ मिलिमीटरची दांडी बसते, नट आवळल्यावर पक्कीही वाटते. परंतु तिला सर्व बाजूंनी सारखी पकड मिळत नाही. मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेताना अशी दांडी घसरते, खाच आपोआप खोल होत जाते आणि क्वचित बिट निसटून बाहेर फेकले जाते. कॉलेट आणि दांडी एकाच मापाची असलीच पाहिजे.

बिट बसविताना दांडीचा निदान तीन-चतुर्थांश भाग कॉलेटमध्ये गेला पाहिजे. दांडी तळाला टेकेपर्यंत आत सारावी, मग दोन-तीन मिलिमीटर वर ओढून पान्याने नट आवळावा. तळाला टेकलेली दांडी नट आवळताना नीट धरली जात नाही. हे सर्व करण्यापूर्वी यंत्राची वायर विजेच्या प्लगमधून काढलेली असावी. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही.

जेथे यंत्र दोन्ही जाडीच्या दांड्या घेऊ शकते, तेथे मोठ्या बिटसाठी जाड दांडीच घ्यावी. जाड दांडी कमी थरथरते आणि खाचेच्या भिंती गुळगुळीत येतात.

जसे काम तसे बिट

सरळ बिट : सपाट तळाची, उभ्या भिंतींची खाच पाडण्यासाठी हे मुख्य बिट. त्याला बहुधा दोन पाती असतात. मध्येच सुरू होणारी खाच पाडावयाची असेल, तर बिटच्या टोकाशीही कापणारी धार आहे की नाही, हे पाहून घ्यावे. ती नसेल, तर बिट लाकडात सरळ खाली घुसत नाही, ते लाकूड जाळत बसते.

पिळाचे बिट : याची पाती मळसूत्रासारखी पिळदार असतात. पीळ वरच्या दिशेचा असेल, तर भुसा खाचेबाहेर फेकला जातो. खोल खाचेला हे बिट उत्तम. मात्र तक्त्याच्या वरच्या कडेचे पापुद्रे उचकटण्याचा संभव असतो. पीळ खालच्या दिशेचा असेल, तर वरची कड स्वच्छ राहते, पण भुसा खाचेत दाबला जातो. म्हणून सनमायका किंवा पातळ व्हिनियर लावलेल्या तक्त्यातील उथळ खाचेसाठी हे दुसरे बिट योग्य होय.

रिबेटचे बिट : याच्या टोकाला बेअरिंग असते. ते तक्त्याच्या कडेवरून फिरते आणि पायरीची रुंदी कायम राखते. वेगळ्या आधारपट्टीची गरज राहत नाही.

गोल तळाचे आणि व्ही आकाराचे बिट : सरकत्या दाराला बोट अडकविण्याची खोलगट जागा, पाणी वाहून जाण्याची पन्हळ, नावाच्या पाटीवरील अक्षरे किंवा शोभेच्या रेषा यांसाठी ही बिट वापरतात. फळी बसविण्याच्या खाचेला ती उपयोगाची नाहीत.

डव्हटेल बिट : याने पाडलेली खाच तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असते, त्यामुळे तिच्यात बसलेला भाग वर उचलला जात नाही. ही खाच थोडी थोडी खोल करीत पाडता येत नाही, ती पूर्ण खोलीवर एकाच वेळी कापावी लागते. म्हणून आधी लहान सरळ बिटने मधले लाकूड काढून टाकावे व मग डव्हटेल बिट फिरवावे. बिट खाचेत असताना यंत्र वर उचलल्यास खाच आणि बिट दोन्ही खराब होतात.

पोलाद की कार्बाइड?

स्वस्त बिट हायस्पीड पोलादाची असतात. त्यांना सुरुवातीला धार चांगली असते आणि मऊ लाकडावर ती बरे काम देतात. परंतु आपल्या राज्यातील कारागिराचा सागवानाशी नेहमीचा संबंध येतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील सागाची कीर्ती सर्वश्रुत आहे. या सागाच्या लाकडात निसर्गतः सिलिका म्हणजे वाळूचा अंश असतो. तो धार लवकर मारतो. प्लायवूड व एमडीएफमधील चिकट द्रव्येही धारेला तितकीच मारक आहेत. म्हणून सागवान आणि तक्ते यांवर काम करणाऱ्याने टंगस्टन कार्बाइडची पाती जोडलेली बिट घ्यावीत. ती महाग पडली, तरी धार अनेक पटींनी टिकते. कार्बाइड कठीण असते, तसेच ठिसूळही असते. बिट फरशीवर पडले किंवा पिशवीत एकमेकांवर आपटले, तर पात्याचा कपचा उडतो. लाकडी ठोकळ्यात भोके पाडून त्यांत बिट उभी ठेवण्याची साधी पद्धत म्हणूनच हितावह आहे.

वेग आणि खोली

यंत्राचे फेरे तेच राहिले, तरी बिट रुंद झाले की त्याच्या कडेचा वेग वाढतो. १२ मिलिमीटर व्यासाचे बिट मिनिटाला २४,००० फेऱ्यांनी फिरले, तर त्याची धार सेकंदाला सुमारे १५ मीटर वेगाने धावते. त्याच फेऱ्यांवर ५० मिलिमीटरचे बिट लावले, तर हा वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटर, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे जातो. यासाठी साधारण २५ मिलिमीटरपर्यंतच्या बिटना २२,००० ते २४,००० फेरे चालतात. ५० मिलिमीटरच्या आसपास ते १६,००० ते १८,००० पर्यंत आणि त्याहून मोठ्या बिटना आणखी खाली आणावे लागतात. बिटवर कमाल फेऱ्यांची मर्यादा छापलेली असल्यास तीच प्रमाण मानावी. ज्या लहान यंत्रांत वेग कमी-जास्त करण्याची सोय नसते, त्यांत मोठी बिट लावूच नयेत.

खोलीबाबत अनुभवाचा नियम असा की, एका फेरीत बिटच्या व्यासाच्या निम्म्याहून अधिक खोल जाऊ नये. ६ मिलिमीटरच्या बिटने एका वेळी ३ मिलिमीटर. ९ मिलिमीटर खोल खाच हवी असेल, तर तीन फेऱ्या घ्याव्यात. घाईने एकदम खोल गेल्यास बिट थरथरते, वाकते आणि मोडते. उलट फार हळू ढकलल्यास बिट एकाच जागी घासत राहते आणि लाकूड करपते. खाचेतून बाहेर पडणारा चुरा बारीक पुडीसारखा न येता लहान कपच्यांसारखा येत असेल, तर घन लाकडात गती बरोबर आहे असे समजावे.

कोणत्या दिशेने ढकलावे?

हातात धरून चालविताना राऊटरचे बिट वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. यंत्र आपल्यापासून दूर ढकलले, की बिट त्याला डावीकडे ओढते. म्हणून खाच सरळ यावी यासाठी तक्त्यावर जी आधारपट्टी शिकंज्याने आवळावयाची, ती यंत्राच्या डाव्या बाजूस असावी. बिटची ओढ यंत्राला पट्टीवर दाबून धरते आणि खाच रेषेत येते. पट्टी उजवीकडे असेल, तर तीच ओढ यंत्राला पट्टीपासून दूर नेते.

तक्त्याच्या बाहेरील कडेवर काम करताना कडेकडे तोंड करून उभे राहावे आणि यंत्र डावीकडून उजवीकडे न्यावे. यंत्र टेबलाखाली उलटे बसविले असेल, तर बिटची दिशाही उलटते. तेव्हा लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवावे. दिशा चुकल्यास बिट लाकूड पुढे खेचते. हातातील तुकडा झटक्यासरशी निसटतो व त्यामागून बोटे बिटवर जाण्याचा धोका असतो. नवशिक्याला हा नियम यंत्र सुरू करण्यापूर्वीच तोंडपाठ झालेला असावा.

एक उदाहरण : शाळेची पुस्तकांची मांडणी

समजा, शाळेच्या वाचनालयासाठी प्लायवूडची मांडणी करावयाची आहे. तक्ते १८ मिलिमीटरचे आहेत, पण मोजल्यावर जाडी १७.५ मिलिमीटर भरली. हाताशी १२ मिलिमीटरचे सरळ बिट आहे. खाचेची खोली तक्त्याच्या जाडीच्या एक-तृतीयांश, म्हणजे ६ मिलिमीटर धरावी. त्याहून खोल गेल्यास बाजूचा तक्ता कमजोर होतो. दोन्ही बाजूंमधील मोकळे अंतर ७५० मिलिमीटर हवे असेल, तर प्रत्येक फळी ७५० अधिक १२, म्हणजे ७६२ मिलिमीटर लांब कापावी. दोन्ही टोकांचे सहा-सहा मिलिमीटर खाचेत जातात.

१२ मिलिमीटरच्या बिटने १७.५ मिलिमीटरची खाच पाडण्यासाठी ५.५ मिलिमीटर जाडीची एक पातळ कामटी तयार करावी. फळीच्या जाडीतून बिटचा व्यास वजा केला, की ही जाडी मिळते. प्रथम आधारपट्टी आणि यंत्राचा तळ यांच्यामध्ये ही कामटी ठेवून एक फेरी घ्यावी. मग कामटी काढून यंत्र थेट पट्टीला लावून दुसरी फेरी घ्यावी. खाच डावीकडे रुंदावते आणि फळीच्या प्रत्यक्ष जाडीची होते. यंत्र लहान असल्यास प्रत्येक वेळी ३ मिलिमीटर खोल जाऊन हाच क्रम पुन्हा करावा. हा प्रयोग आधी त्याच तक्त्याच्या टाकाऊ तुकड्यावर करून पाहावा. फळी हाताच्या दाबाने आत जावी आणि हलवली असता डुगडुगू नये. हातोडीने ठोकावी लागली, तर खाच घट्ट आहे व सरसाला जागा उरलेली नाही, असे समजावे.

पापुद्रे निघू नयेत म्हणून खाचेच्या दोन्ही रेषा आधी धारदार सुरीने आखून घ्याव्यात. खाच जेथे तक्त्याच्या कडेतून बाहेर पडते, तेथे दुसरा टाकाऊ तुकडा घट्ट आवळून ठेवावा, म्हणजे कड फुटत नाही. दोन्ही बाजूंचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून एकाच फेरीत खाच पाडल्यास फळ्या समपातळीत बसतात.

घन लाकडाचा दिलहा चौकटीच्या खाचेत बसविताना विचार थोडा वेगळा करावा लागतो. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. कोकणातील दमट हवेत व विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात हा फरक चांगलाच जाणवतो. म्हणून खाच दिलह्याच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खोल ठेवावी आणि दिलहा खाचेत सरसाने चिकटवू नये. जागा न ठेवल्यास फुगलेला दिलहा चौकटीचे सांधे उघडतो.

डोळे, कान आणि श्वास

चालत्या राऊटरचा आवाज बहुधा ९० डेसिबलच्या पुढे असतो. दररोज तासन्‌तास तो कानावर पडल्यास ऐकू येणे हळूहळू कमी होते व ते परत मिळत नाही. धुळीचा धोका त्याहून गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. नाक आणि त्यालगतच्या पोकळ्यांचा कर्करोग यासंबंधात आढळून आला आहे. राऊटरमधून निघणारी धूळ हातकरवतीच्या भुशाहून फार बारीक असते. डोळ्यांना संरक्षक चष्मा, कानांना आवाज रोखणारी बोंडे आणि नाकातोंडावर घट्ट बसणारा धूळरोधक मुखवटा हे यंत्राचेच भाग मानले जावेत. तोंडाला गुंडाळलेला रुमाल ही बारीक धूळ अडवीत नाही. सैल बाह्या, गळ्यातील उपरणे आणि हातमोजे फिरत्या बिटमध्ये अडकतात, म्हणून काम करताना ते टाळावेत.

बिटवर डिंकासारखा काळपट थर साचला, की ते बोथट झाल्यासारखे वागते. तो थर वेळोवेळी साफ करावा. धार लावताना पात्याची सपाट बाजूच हिरकणीच्या बारीक पट्टीवर घासावी. बाहेरील उतार घासल्यास बिटचा व्यास आणि आकार बिघडतो.

खरेदी आणि प्रशिक्षणाच्या वेळी

अवजारांची खरेदी सुचविताना किंवा प्रशिक्षणाची पाहणी करताना काही प्रश्न अवश्य विचारावेत. यंत्राच्या कॉलेटचे माप काय आहे आणि बिटच्या दांड्या त्याच मापाच्या आहेत काय? यंत्राबरोबर ६ व १२ मिलिमीटरची कार्बाइड पात्यांची सरळ बिट आणि एक रिबेट बिट आहे काय? शोभेच्या बिटांनी भरलेल्या मोठ्या पेटीपेक्षा अशी दोन-तीन चांगली बिट अधिक उपयोगी पडतात. चष्मा व मुखवटा खरेदीच्या यादीत आहेत काय? प्रशिक्षणार्थीने वीज जोडण्यापूर्वी बिट बसविण्याचा आणि दिशा ओळखण्याचा सराव केला आहे काय? आणि सर्वांत सोपी कसोटी म्हणजे, त्याने स्वतः पाडलेल्या खाचेत फळी बसवून ती हलवून पाहावी.

शिक्षकांना या विषयात गणिताचेही धडे सापडतील. सूत आणि मिलिमीटर यांचे रूपांतर, कामटीच्या जाडीची वजाबाकी आणि बिटच्या कडेचा वेग ही उदाहरणे मुलांना गावातील सुताराच्या पडवीत प्रत्यक्ष पाहता येतात. पिढीजात कारागिराला लाकडाची पारख असतेच. तिला मापाचा काटेकोरपणा आणि यंत्राच्या शिस्तीची जोड मिळाली, तर गावच्या शाळेची, ग्रामपंचायतीची आणि घरांची कामे गावातच उत्तम प्रतीची होतील आणि ती करणाऱ्याची बोटे, कान व श्वास वयाच्या उतारापर्यंत शाबूत राहतील.